पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास

अर्जदार : गौतम सोपान सूर्यवंशी, वय छप्पन्न, शिक्षण अकरावीपर्यंत व पुढे अनुभव, धंदा अर्जनविशी, बैठक कचेरीबाहेरील लिंबाखाली, मुक्काम उदगीर.
गैरअर्जदार : वरीलप्रमाणे.
घटनेचा काळ : लिंब मोहरल्यापासून दाखल्यांचे दिवस सुरू होईपर्यंत, गेल्या साली.
साक्षीदार : एक, कुमारी प्रज्ञा, अर्जदाराची सख्खी भाची. दोन, इरण्णा मास्तर, मुक्काम देगलूर. तीन, चंद्रकलाबाई, तालुका देगलूर.

कोणतेही दुःख कागदावर घ्यायचे झाले तर मला आधी ही चौकट आखावी लागते. तीस वर्षांची सवय आहे. चौकट आखली की हात स्थिर होतो. तरीही वर मी जे लिहिले आहे त्यात एक अडचण राहून गेली, ती माझ्या लक्षात आहे. अर्जदार आणि गैरअर्जदार एकच इसम असेल तर समन्स कोणी कोणाला बजावायचे, याची तरतूद मला कोठे आढळली नाही.

दाखल्यांचे दिवस पुन्हा आले आहेत. फाटकाशी प्लास्टिकच्या पारदर्शक पिशव्या दिसू लागल्या की पंचांग न पाहता मला महिना कळतो. मुलगी पुढे, आई मागे, पिशवीत गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आणि सर्वांत खाली, घडी फाटलेला आजोबांचा एखादा कागद. झेरॉक्सच्या दुकानातून तापलेल्या कागदाचा वास येतो. रसवंतीच्या चाकाला बांधलेले घुंगरू वाजत राहते. लिंबोळ्या पिकून टेबलावर पडतात आणि अर्जावर डाग पडू नये म्हणून मी वर्तमानपत्र अंथरतो. या दिवसांत मी स्वतःला तालुक्यातला एक आवश्यक मनुष्य समजत असे. ते सर्वस्वी चूक होते असे मी आजही म्हणणार नाही.

माझ्या अर्जांची ओळख एका वाक्यावरून पटत असे. “हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत आपले उत्तर न आल्यास आपली काही हरकत नाही असे गृहीत धरण्यात येईल.” हे वाक्य मी कोणाकडून उचलले नाही, हळूहळू घडवले. प्रथम त्यात ‘कृपया’ होते, ते काढले. नंतर ‘समजण्यात येईल’ होते, त्याजागी ‘गृहीत धरण्यात येईल’ आणले. त्याने वजन आले. लोक समोरच्या बाकावर बसत आणि मजकूर ऐकून झाला की म्हणत, “ते पंधरा दिवसाचं लिवलाव का? ते लिवा बगा. त्यानं जोर येतंय.” मी ते लिहून मोठ्याने वाचून दाखवी, आणि ज्याचे आयुष्यात कोणी ऐकून घेतले नाही असा माणूस ताठ होऊन उठे.

उत्तर कधी येत नसे. पंधरा दिवस जात, सोळावा उजाडे, आणि कोणी काही गृहीत धरून पाऊल उचलल्याचेही मला स्मरत नाही. वाक्य धारदार होते, पण ते ज्याच्या हाती असे त्याला कापण्यासारखे जगात काही नव्हते. हे मला तेव्हा कळायला हवे होते.

प्रज्ञा माझ्या धाकट्या बहिणीची, पंचशीलेची मुलगी. नांदेडला संगणकाची पदवी, पुण्यात दोन वर्षे नोकरी, आणि आईचे गुडघे गेले म्हणून परत. लातूरच्या एका संस्थेने तिला घेतले. ती संस्था खेड्यांतल्या शाळांची जुनी प्रवेश रजिस्टरे स्कॅन करून ठेवत असे. निजामाच्या वेळची, काही उर्दूत, काही मोडीत. उदगीर, देगलूर आणि लोहा येथे संस्थेचे एकेक केंद्र. ज्याला आजा-पणजाच्या जातीचा पुरावा हवा, त्याने केंद्रावर यावे, पान पडद्यावर पाहावे, प्रमाणित नक्कल न्यावी. ज्यांच्या घरात लिहिलेला कागद असा कधी नव्हताच, त्यांच्यासाठी शाळेच्या रजिस्टरातली ती एक ओळ म्हणजे सर्व काही होते. त्या ओळीवर पोरीचा प्रवेश, त्या प्रवेशावर घर.

ही सर्व पाने क्लाउडमध्ये असत. क्लाउड म्हणजे ढग असे लोक हसून सांगतात. वास्तविक ती दूरच्या कोणा कंपनीची संगणके असतात आणि त्यांतली जागा आपण वापरतो. त्या जागेत संस्थेपुरते कुंपण घालून आत रस्ते आखणे, कोणी कोठून यावे हे ठरवणे, हे प्रज्ञाचे काम. त्याला ती आभासी नेटवर्क म्हणे. पंचशीलेच्या ओसरीवर, समोर कुरडयांची खाट, अशा एका सकाळी तिने मला ते माझ्याच एका रद्द अर्जाच्या पाठीवर काढून दाखवले.

“ही समजा मोकळी जमीन, मामा.”

“किती एकर?”

“एकर न्हाई, पत्ते. पासष्ट हजारावर पत्ते बसतात हिच्यात.”

“आणि राहतं कोण?”

“सध्या अकरा मशिनी.”

“म्हणजे गाव ओसाडच की.”

ती हसली. मग तिने त्या जमिनीचे तीन तुकडे पाडले. एक उदगीरचा, एक देगलूरचा, एक लोह्याचा. मी म्हणालो, हे तर पोटहिस्से झाले. ती म्हणाली, “बरोबर, आम्ही सबनेट म्हणतो, तुम्ही पोटहिस्सा म्हणा.” एका पोटहिस्स्यातून दुसऱ्यात जायला वाट लागते, ती वाट कागदावर नोंदलेली असेल तरच चालते. मला पांदण रस्त्याचे कितीतरी वाद आठवले. तिच्या जमिनीवर वाद नव्हता. नोंद आहे तर वाट आहे. इतके स्वच्छ काही मी कचेरीच्या आसपास तीस वर्षांत पाहिले नव्हते, आणि माझ्या घरातली एक मुलगी ते आखते आहे याचा मला जो अभिमान झाला तो मी लपवला नाही. त्या आठवड्यात बाकावर बसणाऱ्या प्रत्येकाला मी पोटहिस्से समजावून सांगितले.

वेशीवर तिने पहारेकरी बसवला होता. त्याच्याजवळ यादी. यादीत पत्ता असेल तो आत.

“आणि यादीत न्हाई त्याला काय सांगतो?” मी विचारले.

“काहीच सांगत न्हाई. गप बसतो. येणाऱ्याला वाटत राहतं, आता उघडंल, मग उघडंल.”

“मग ही आपली कचेरीच झाली की गं.”

पंचशीला आतून म्हणाली, “दादा, तुमची कचेरी दुपारी जेवायला तरी जाते.”

प्रज्ञा हसता हसता थांबली आणि कागदावर बोट ठेवून म्हणाली, “आमच्यात एकच नियम पक्का हाय, मामा. हो म्हनलं न्हाई, त्याचा अर्थ न्हाई. उत्तर आलं न्हाई तर न्हाईच समजायचं. बाकी सगळं त्याच्यावर उभं हाय.”

हे तिने मला सांगितले होते. मी ऐकले होते. साक्षीदार क्रमांक एक याबाबत कधी तोंड उघडणार नाही, म्हणून मी स्वतः नमूद करतो.

लिंब मोहरला तेव्हा ती जुने आवरायला बसली. तिच्याआधी जो माणूस होता त्याने एक अर्धेमुर्धे नेटवर्क टाकून ठेवले होते. नवे तयार झाल्यावर ते मोकळे करावे, असे संस्थेच्या सचिवांनी सांगितले होते. त्या जुन्या जमिनीवर एक यंत्र उरले होते. त्याला धड नाव नव्हते, “टेस्ट-टू” एवढीच पाटी. तिने नोंदवही काढून पाहिली. मोहर येण्याआधीचे तीन-चार महिने त्या वाटेने कोणीही आलेले नव्हते. ना उदगीरहून, ना लोह्याहून, ना देगलूरहून.

“कुणाचं हाय तेच कळंना,” ती म्हणाली. “कुणाचंच नसंल. पण विचारल्याबिगर हात लावणार न्हाई.”

तिने तिन्ही केंद्रांना लेखी विचारले. उदगीरचे ‘आमचे नाही’ त्याच दिवशी आले, लोह्याचे आठवड्यात. देगलूर गप्प. देगलूरचे केंद्र इरण्णा मास्तर पाहत. निवृत्त शिक्षक, फोनवर बोललेले ते बोलणे मानत नसत, कागद हवा. कागद गेला होता. ती वाट पाहत राहिली. उन्हे तापली, कूलरला वाळा बसवला गेला, त्याचा ओला वास ओसरीवर भरून राही, आणि ती रोज सकाळी आधी टपाल पाही. सचिवांची विचारणा दोनदा आली.

मग स्मरणपत्र लिहायचे ठरले, आणि ती माझ्याकडे आली. मला बरे वाटले, हे नाकारण्यात अर्थ नाही. ज्या कामातला मला एक शब्द येत नव्हता, त्या कामाला शेवटी माझी गरज पडली होती. मी नवा कागद घेतला. मजकूर घातला. आणि शेवटी हात आपोआप त्या वाक्याकडे गेला.

तिने वाचले. “मामा, हे उलटं झालं. आमच्यात उत्तर आलं न्हाई तर न्हाई असतं.”

“ते तुझ्या यंत्रात,” मी म्हणालो. “हे पत्र माणसाला चाललं आहे. माणसाला मुदत घातल्याशिवाय माणूस हलत नाही. तीस वर्षं मी काय करून राहिलो इथं?”

सही करताना तिचे पेन दोनदा थांबले. मी पाहिले. मी म्हणालो, “कर.”

पत्र नोंदणी टपालाने गेले. पोचपावती परत आली, तिच्यावर इरण्णा मास्तरांची वळणदार सही. मी ती पावती प्रज्ञाच्या फायलीला स्वतः टाचली आणि तिला सांगितले की आता काळजी नाही, कागद पक्का झाला.

सोळाव्या दिवशी दुपारी तिने मला शेजारी बसवले. “तुमी बसा जवळ,” म्हणाली. पंचशीला कैऱ्या चिरत होती. पडद्याने विचारले, खात्री आहे का. मग पुन्हा विचारले. एवढेच नव्हे, जे पुसायचे त्याचे नाव आपल्या हाताने टंकून द्या, असेही सांगितले. मी म्हणालो, “विचारतं तरी बिचारं. आमच्याकडं इतकं कोणी विचारत नाही.” तिने नाव टंकले. आधी यंत्र गेले, मग त्याला जोडलेली साठवण, मग पोटहिस्सा, मग कुंपण. कोणताही आवाज झाला नाही. चिरलेल्या कैरीचा आंबट वास तेवढा होता. एक नक्कल महिनाभर राहते, असे ती म्हणाली. पुढे तीही आपोआप जाते. महिना गेला, ती गेली.

जूनमध्ये चंद्रकलाबाई देगलूरच्या केंद्रावर गेल्या. त्यांच्या नातीचा नर्सिंगला नंबर लागत होता. त्यांच्या सासऱ्यांचे नाव सीमेवरच्या एका खेड्यातल्या उर्दू रजिस्टरात होते. इरण्णा मास्तरांनी यंत्र उघडले, आणि वाट उघडेना. मास्तर तासभर बसले. त्यांना वाटत राहिले, आता उघडेल, मग उघडेल.

सीमेवरच्या खेड्यांची पहिली रजिस्टरे त्या आधीच्या माणसाने चाचणीसाठी म्हणून “टेस्ट-टू”वर चढवली होती आणि कधी हलवली नव्हती. ती लागत फक्त दाखल्यांच्या दिवसांत. म्हणून वर्षाचे उरलेले महिने त्या वाटेवर पाऊल दिसत नसे. शाळेकडे मूळ रजिस्टर मागितले, तर जुनी खोली पाडताना ते कचऱ्यात गेले होते. कॉम्प्युटरवर चढले आहे, आता ठेवून काय करायचे, असे तिथल्या सर्वांना वाटले होते.

आम्ही दोघे एसटीने देगलूरला गेलो. रस्ताभर प्रज्ञा खिडकीबाहेर पाहत होती. मी तिला दोनदा पाणी विचारले. मास्तरांनी फाईल काढली. आमचे पत्र तीत होते. दोन भोके नीट पाडलेली, वर आवक क्रमांक, तारीख, सही. इतकी सुरेख लावलेली फाईल मी क्वचित पाहिली आहे.

“मास्तर, उत्तर कामून दिलं नाही?” मी विचारले.

“अहो, पयल्या पत्रातलं ते टेस्ट-टू काय कळंना, म्हनून ठिवून दिलो. ह्याचं ते खालचं वाक्य बघिटलो आन् फायलीला लावलो की,” मास्तर म्हणाले. “जिंदगीभर बघून राहिलोय असली पत्रं. शाळेत होतो तवा बी यायची. उदगीरला लिंबाखाली कोन तर बसतंय म्हणे, त्याचं वाक्य हाय ते. पंधरा दिवसात उत्तर न आल्यास! काय होतंय त्यानं? कधी काय झालंय का, तुमीच सांगा.”

त्यांना मी कोण ते ठाऊक नव्हते. मी सांगितले नाही. प्रज्ञाने माझ्याकडे पाहिले आणि नजर खाली घेतली. तिनेही सांगितले नाही. मास्तर वाईट मनुष्य नव्हते. त्यांनी माझ्या वाक्यावर विश्वास ठेवला होता. ते पोकळ आहे, हा विश्वास. आणि तो त्यांना मीच शिकवला होता, पत्रामागून पत्र, तीस वर्षे.

चंद्रकलाबाई कोपऱ्यात पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर अर्ज लिहिता आला असता.

“गेल्या साली मी बघितलेते की,” त्या म्हणाल्या. “मास्तरानं काचेवर बोट ठिवून दावलेतं. हे बग माय, तुझ्या सासऱ्याचं नाव. नागोराव. नक्कल पोरीचा नंबर लागल्यावर घिऊ म्हनलेते. मला वाचता येत न्हाई, पन बोट कुठं होतं ते ध्येनात हाय.” मग त्यांनी बंद पडद्याकडे हात नेला आणि डावीकडे, वरून तिसऱ्या चौथ्या ओळीच्या जागी बोट ठेवले. “हितं होतं.”

प्रज्ञा उठून बाहेर गेली.

मी त्या बोटाच्या साक्षीवर शपथपत्र लिहिले. चांगले लिहिले. त्यावर ‘पुराव्याअभावी’ असा शेरा आला. नातीची जागा यादीतल्या पुढच्या मुलीला गेली. आता ती सोयाबीनच्या रानात आईबरोबर जाते असे ऐकतो.

संस्थेने चौकशी केली. अहवाल दीड पानी आहे. “संबंधित कर्मचाऱ्याने योग्य संमती न घेता” अशी त्याची सुरुवात आहे. प्रज्ञाला विचारण्यात आले की मुदतीचे ते वाक्य कोणाच्या सल्ल्याने घातले. तिने लिहून दिले, “निर्णय माझा होता.” चार शब्दही नाहीत. एवढा आटोपशीर आणि एवढा खोटा जबाब माझ्या हातून कधी लिहिला गेला नाही. तिला काढले. त्या अहवालाची प्रत मागे लागली, आणि पुढे ज्या दोन ठिकाणी तिला बोलावले होते, तिथून बोलावणे थांबले. का थांबले हे कोणी कळवले नाही. दार नुसते गप्प राहिले.

सध्या ती नांदेडला एका दवाखान्यात दाराशी टेबलावर बसते आणि रुग्णांचे नंबर पुकारते. पंचशीला म्हणते, आवाज चांगला आहे म्हणून ठेवले. मी एकदा तिथे गेलो. ती पुकारत होती, आणि पुकारल्यावर कोणी उठले नाही तर पुन्हा पुकारत होती, मग तिसऱ्यांदा, आणि मग स्वतः उठून बाकांमधून फिरून विचारत होती. तिच्यामागे रांगेतले लोक कुरकुरत. ती ऐकून घेई. मी खांबाआडून पाहिले आणि भेटल्याशिवाय परत आलो.

फोनवर मात्र मधूनमधून बोलते. नेटवर्कचा विषय कधी नाही. मागच्या महिन्यात एकदाच म्हणाली, “मामा, ते वाक्य अजून लिवता का?”

“नाही.”

“मग लोक काय म्हनतात?”

“म्हणतात, सूर्यवंशीच्या अर्जात आता जोर राहिला नाही.”

ती थोडी हसली. निदान मला तसे ऐकू आले. मग म्हणाली, “जेवलाव का?”

आज सकाळी बाकावर एक जण बसला होता. मजकूर ऐकून झाल्यावर म्हणाला, “पंधरा दिवसाचं ऱ्हायलं की हो.” मी म्हणालो, ते मी लिहीत नाही. माझी दृष्टी गेली असावी असे त्याने माझ्याकडे पाहिले. कागद उचलून तो पलीकडच्या टेबलावर गेला. तिथे ते वाक्य छापील मिळते. माझ्याहून सुवाच्य. ते आता माझ्याशिवाय चालले आहे, तालुक्याच्या बाहेरही गेले असेल, आणि मी जिवंत असेपर्यंत ते मला ठिकठिकाणच्या फायलींतून, दोन भोके पाडून, सुरेख लावलेले भेटत राहील. लिंबोळ्या पडत आहेत. पिशव्यांची रांग फाटकापलीकडे गेली आहे. तिच्यात एखादी नागोरावाची पणती असेलच.

सबब, संस्थेचे सचिव महोदय यांच्या सेवेशी प्रार्थना की :

चौकशी अहवालातील पहिल्या ओळीत दुरुस्ती करून असे नमूद व्हावे की, कुमारी प्रज्ञा हिने लेखी होकार आल्याशिवाय हात न लावण्याचे ठरवले होते. मुदतीचे वाक्य तिचे नव्हे. ते अर्जदाराने आपल्या हाताने लिहिले व तिच्या मनाविरुद्ध तिला सही करण्यास सांगितले. दोष अर्जदाराच्या नावे नोंदवावा. चंद्रकलाबाईंच्या सासऱ्यांचे नाव परत मागण्यास मी पात्र नाही व ते आपल्याजवळही नाही, हे मला माहीत आहे. एका मुलीचे नाव तेवढे आपल्याकडे आहे. ते सोडावे.

हा या विषयावरील तिसरा अर्ज आहे. पहिल्या दोहोंच्या पोचपावत्या सोबत जोडल्या आहेत.

आपण हो किंवा नाही, एका शब्दात कळवावे, ही विनंती. यास कोणतीही मुदत घातलेली नाही. आपले उत्तर न आल्यास उत्तर आले नाही एवढेच समजण्यात येईल, दुसरे काहीही गृहीत धरण्यात येणार नाही, आणि अर्जदार रोज टपालाच्या वेळी लिंबाखाली हजर राहील.

अर्जदाराची सही,
गौतम सोपान सूर्यवंशी